कर्तव्य आधी की परिणाम? कांट, कौशिक आणि सदाशिव पेठ

अभ्यासिका_४

मी राज्यसेवेची तयारी करते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आणि यूपीएससीत २०१३ पासून असलेला नीतिशास्त्राचा पेपर आमच्याही मानगुटीवर येऊन बसला. तेव्हापासून सदाशिव पेठेतल्या चहाच्या टपऱ्यांवर कांट या जर्मन तत्त्वज्ञाचं नाव ऐकू येतं. उच्चार निरनिराळे, समज मात्र एकच: 'कर्तव्य ते कर्तव्य, परिणाम गेले खड्ड्यात.'

क्लासच्या नोट्समध्ये कर्तव्यवादाचे गुण असे दिलेत: नियम स्पष्ट असतात, सगळ्यांना सारखे लागू होतात, माणसाची प्रतिष्ठा जपतात. दोष: ताठरपणा, परिणामांकडे डोळेझाक, दोन कर्तव्यं एकमेकांवर आदळली तर वाट सापडत नाही. दहा मार्कांचं उत्तर तयार. पण मला यातला पहिला गुणच पटत नाही.

कांटची कसोटी ढोबळपणे अशी: तू ज्या नियमाने वागतोयस तो उद्या सगळ्यांचा नियम झालेला तुला चालेल का? परत करायचे नाहीत हे माहीत असताना 'परत करतो' म्हणून उसने पैसे घ्यायचे, हा सगळ्यांचाच नियम झाला तर वचन या गोष्टीला कुणी भीक घालणार नाही, मग माझं खोटं वचनही चालणार नाही. इथवर ठीक. पण माझ्या नियमाचं नाव कोण ठेवणार? मीच ना? 'खोटं बोलावं' असा नियम केला तर तो कसोटीला उतरत नाही. 'खुन्यापासून कुणाचा जीव वाचवायचा असेल तेव्हा खोटं बोलावं' असा केला तर खुशाल सगळ्या जगाने पाळावा. कृती तीच, खोटं तेच. मी शब्द बदलले आणि नापासाची पास झाले. मग स्पष्टता कुठे राहिली?

परीक्षेपुरतं उत्तर नकोय, ते पाठ आहे.

खवट_खारीक

परीक्षेपुरतं उत्तर नको म्हणणारी उमेदवार पेठेत सापडली, हाच आधी बातमीचा विषय आहे. वाचनखूण साठवली.

मुठाकाठ

प्रश्न जुना आहे, पण तुम्ही तो स्वतः शोधलात असं दिसतं, म्हणून सविस्तर लिहितो. (निवृत्त मास्तर आहे, लांबण लागेल.)

आधी एक गैरसमज बाजूला करू. कांट म्हणतो ते कर्तव्य म्हणजे वरिष्ठाने लावलेली ड्यूटी नव्हे. त्याच्या मते नैतिक नियम माणसाची स्वतःची विवेकबुद्धी घालून देते आणि तो 'अमुक हवं असेल तर तमुक कर' अशा अटीवर उभा नसतो. 'पास व्हायचं असेल तर अभ्यास कर' हा सोपाधिक आदेश. पास व्हायची इच्छा सोडली की तोही सुटतो. 'खोटं वचन देऊ नकोस' हा निरुपाधिक. त्यातून पळवाट नाही, कारण त्याच्या मागे तुमची कुठली इच्छाच नाही.

१७८५ सालच्या त्याच्या छोट्या पुस्तकात एक दुकानदार आहे. लहान पोराला पाठवलं तरी तो जास्त पैसे घेत नाही. कारण? गिऱ्हाईक टिकतं. कांट म्हणतो, वागणं योग्य आहे, पण त्याला नैतिक किंमत नाही, कारण उद्या फसवण्यात फायदा दिसला तर याला अडवणारं काही नाही. कर्तव्यवादाचं पहिलं बळ मला इथे दिसतं. तो चांगुलपणा परिस्थितीच्या आणि मूडच्या भरवशावर सोडत नाही.

दुसरं बळ त्याच पुस्तकात पुढे येतं. माणसाला, मग तो तुम्ही स्वतः असा किंवा दुसरा कुणी, नुसतं साधन म्हणून वापरू नका. रिक्षावाल्याला आपण साधन म्हणून वापरतोच की. तो आपल्याला नेतो, आपण पैसे देतो. त्यात वावगं नाही, कारण त्याने ते स्वतः ठरवलेलं असतं. फसवून घेतलेल्या पैशांत समोरच्याला तसं ठरवायची संधीच नसते.

आता तुमचा प्रश्न. कसोटी पोकळ आहे, तिच्यात आपण जे घालू तेच बाहेर येतं, अशी तक्रार कांटनंतरच्या हेगेल या जर्मन तत्त्वज्ञानेही केली होती. माझं मत विचाराल तर पहिली कसोटी एकटी वापरली तर ती तक्रार बरोबर ठरते. नियमाचं नाव ठेवताना लबाडी होतेच. कांटने स्वतः हा प्रश्न पुरेसा सोडवलेला नाही आणि त्याचे भक्त ते कबूल करायला तयार नसतात.

खवट_खारीक

पुणेरी दुकानदार गिऱ्हाईकाला साधन समजत नाही. तो त्याला काहीच समजत नाही.

गीतापाठी

अभ्यासिका ताई, खुनी दारात येतो हे उदाहरण जर्मनीतून आयात करायची गरज नव्हती. कर्णपर्वात कौशिकाची गोष्ट आहे. कौशिक नावाचा ब्राह्मण, सदैव सत्यच बोलायचं असं व्रत घेतलेला. दरोडेखोरांच्या भीतीने काही माणसं पळत येऊन जवळच्या रानात लपतात. मागोमाग दरोडेखोर येऊन विचारतात, तू सत्यवादी ना, सांग ते कुठे गेले. हा सांगून मोकळा होतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. सत्य बोलून!

ही गोष्ट कृष्ण अर्जुनाला सांगतो, तीही केव्हा? 'गांडीव दुसऱ्याला दे' असं जो म्हणेल त्याला मी मारीन अशी अर्जुनाची प्रतिज्ञा होती, आणि भर युद्धात वैतागून ते म्हणाला कोण, तर धर्मराज. अर्जुनाने तलवार उपसली. प्रतिज्ञा म्हणजे कर्तव्य!

टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं, ते १९१५ साली पुण्यात छापून आलं. त्यातलं कर्मजिज्ञासा हे दुसरं प्रकरण अवश्य वाचा. अहिंसा, सत्य वगैरे सर्वमान्य नियम कुठे कुठे अडतात याची तिथे दाटीवाटीने उदाहरणं आहेत. महाभारताचा निवाडा असा की न बोलता सुटका होत असेल तर तोंडच उघडू नये. बोलणं भागच असेल किंवा गप्प राहिल्याने संशय येत असेल, तर तिथे असत्य बोललेलं बरं.

अभ्यासिका_४

@गीतापाठी, हे माहीत नव्हतं, धन्यवाद. पुढे अर्जुनाने काय केलं?

गीतापाठी

कृष्णाने तोड काढली. वडीलधाऱ्याला 'तू' म्हणून अपमान केला की तो जिवंतपणीच मेल्यासारखा. अर्जुनाने धर्मराजाला अरे-तुरे करून खरमरीत सुनावलं. मग वडील भावाचा अपमान केला म्हणून स्वतःचाच जीव द्यायला निघाला. त्यावर कृष्ण म्हणाला, स्वतःची स्तुती कर, तीच आत्महत्या!

आकडेमोड

म्हणजे कर्तव्य पाळल्यासारखं दाखवून परिणाम सांभाळले. सरळ म्हणा ना की परिणामच महत्त्वाचे होते. कृष्ण उपयुक्ततावादी होता आणि भारी होता.

मुठाकाठ

@आकडेमोड, अशी तोड काढण्यात कांटही मागे नव्हता. धर्मावरच्या लेखनाबद्दल १७९४ साली प्रशियाच्या राजाकडून त्याला तंबी आली. कांटने लेखी हमी दिली की 'महाराजांचा अत्यंत निष्ठावंत प्रजाजन या नात्याने' मी धर्माविषयी जाहीर लिहिणार-बोलणार नाही. १७९७ साली राजा वारला. कांटने १७९८ मध्ये लिखाण छापलं आणि प्रस्तावनेत सांगून टाकलं की ते शब्द मी मुद्दाम निवडले होते; महाराज गेले, मीही त्यांचा प्रजाजन उरलो नाही, हमी संपली.

आणि याच माणसाने १७९७ मध्येच, फ्रेंच लेखक बेंजामिन कॉन्स्तांला उत्तर देताना, मित्राच्या जिवावर उठलेला खुनी दारात येऊन मित्र घरात आहे का विचारत असेल तरी खोटं बोलण्याचा हक्क तुला नाही, असं ठासून लिहिलंय. त्याची मांडणी अशी: तू 'घरात नाही' म्हणालास, मित्र तेवढ्यात मागच्या दाराने सटकला होता आणि खुन्याला तो रस्त्यात सापडला, तर त्याचा दोष तुझ्या खोट्यावर येईल. खरं बोलला असतास तर पुढच्याचा धनी तू नसतास.

यात गंमत बघा. परिणाम मोजू नका म्हणणारा माणूस इथे परिणामांचाच धाक घालतोय, तोही हजारात एकदा घडणाऱ्या परिणामाचा. माझ्या लेखी कांटचं हे सगळ्यात लंगडं लिखाण. कौशिकाची गोष्ट रचणाऱ्याला माणसं जास्त कळत होती.

खवट_खारीक

मागच्याच पर्वातल्या 'नरो वा कुंजरो वा'मुळे धर्मराजाचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला. कांटकडे रथ नव्हता, वाचला.

आकडेमोड

थोडा गंभीर होतो. मला कर्तव्यवादाचा मुळातच प्रॉब्लेम आहे. मोठे निर्णय घेणाऱ्याला तो उपयोगाचा नाही. उदाहरण आपल्या गावचंच घ्या. पावसाळ्यात खडकवासला भरलं की मुठेत पाणी सोडावं लागतं. सोडलं की नदीकाठच्या घरांत शिरू शकतं हे सगळ्यांना माहीत असतं. न सोडावं तर धरणाला धोका. धरणाला धोका म्हणजे काय ते या शहराने १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पाहिलंय. अशा वेळी अधिकारी काय करतो? हिशेब. थोड्यांचं नुकसान, पुष्कळांचा बचाव. 'कुणालाही साधन म्हणून वापरू नका' असं म्हणत बसला तर सगळंच गाव वाहून जाईल. शासन चालवायचं तर हिशेब लागतो, आणि अभ्यासिका शासनातच जायच्या तयारीत आहे.

मुठाकाठ

हिशेब लागतो हे कांटवालाही नाकारत नाही. प्रश्न हिशेब झाल्यानंतरचा आहे. पाणी सोडायचं ठरलं. ज्याच्या घरात ते जाणार त्याला आधी, त्याच्या भाषेत, सामान हलवण्याइतका वेळ ठेवून सांगितलं का? ओसरल्यावर त्याचा गाळ उपसायला आणि भरपाई द्यायला कुणी गेलं का? निव्वळ बेरजेच्या नजरेने पाहिलं तर बेरीज जमली की विषय संपला. तो माणूस वजाबाकीच्या रकान्यात पडून राहतो. कर्तव्यवाद म्हणतो, बेरीज बरोबर असली तरी त्याचं तुमच्याकडे काहीतरी येणं राहतं.

आकडेमोड

आगाऊ इशारा द्यावा हे हिशेबातही बसतं. नुकसान कमी होतं.

मुठाकाठ

बसतं, इशारा स्वस्त असेपर्यंत. चारच झोपड्या असतील आणि मध्यरात्री माणूस पाठवण्याचा खर्च त्यांच्या सामानाच्या किमतीपेक्षा जास्त असेल, तर तुमचा तक्ता काय सांगतो?

आकडेमोड

...यावर विचार करून लिहितो.

रात्रपाळी

मी नर्स आहे, कॅन्सरच्या वॉर्डात काम करते. तुम्ही सगळे खुनी आणि दरोडेखोर घेऊन बसलात. माझ्याकडे रोजचा प्रश्न वेगळा आहे. पेशंट ॲडमिट झाला की मुलगा किंवा सून कॉरिडॉरमध्ये गाठते. "सिस्टर, बाबांना काही कळू देऊ नका हं. ते खचून जातील." इथे कुणी वाईट नाही. सगळे प्रेमानेच बोलत असतात. केमोला 'ताकदीची सलाईन' म्हणायचं असं आधी आपसात ठरलेलं असतं.

आता बाबांचं बघा. ज्या विभागात आलोय त्याचं नाव दारावर मोठ्या अक्षरांत आहे. शेजारच्या पलंगावरचा माणूस केस गेलेला. बाबांना वाचता येतं. दिवसा घरचे असतात तोवर ते हसून खेळून असतात आणि रात्री दोन वाजता मला विचारतात, "सिस्टर, हे नक्की काय आहे?" गीतापाठी म्हणतात तसं गप्प बसायची सोय मला नाही. रात्री दोनला नर्स गप्प बसली की पेशंटला उत्तर मिळतं.

मला कांट वगैरे शिकवला नव्हता. पण मुलाच्या सांगण्यावरून मी 'काही नाही, ताकदीची सलाईन आहे' म्हटलं तर त्या माणसाचं काय काय हातातून जातं ते मी पाहते. शेताच्या वाटण्या, बँकेतलं नॉमिनेशन, भावाशी धरलेला अबोला. हे सगळं त्याने करायचं होतं. ते त्याच्या वतीने आम्ही 'नको' ठरवलं.

आकडेमोड

पण सांगितल्यावर खरंच खचला आणि उपचार सोडून घरी गेला तर? आयुष्य कमी झालं तर? मुलाचा हिशेब चुकीचाच असतो असं नाही.

रात्रपाळी

जातात ना काही जण घरी. म्हणून आम्ही धाडकन सांगत नाही. आधी विचारायचं: रिपोर्टबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायला आवडेल, की मुलाशी बोलू? कितीतरी लोक सरळ म्हणतात, "त्याच्याशीच बोला, मला नको." मग नाही सांगत. पण मग ते न सांगणं त्यांनी ठरवलेलं असतं, मुलाने किंवा आम्ही नाही. अर्थात सांगायचं काम डॉक्टरांचं, माझं नाही. मी डॉक्टरांना निरोप देते की पेशंट विचारतोय. एवढं तरी माझ्या हातात आहे.

काळाकोट

रात्रपाळी ताई, दंडवत. तुम्ही म्हणताय त्याला कायद्याचाही आधार आहे. २००८ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आलेलं प्रकरण: एका महिलेने फक्त तपासणीच्या प्रक्रियेला संमती दिलेली. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशय आणि अंडाशय काढले. बचाव असा की तिच्या भल्याचंच होतं, परत भूल आणि परत खर्च वाचला. न्यायालयाने तो मानला नाही. पेशंट सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, शुद्धीवर आल्यावर विचारता आलं असतं; आईची संमती ही तिची संमती नव्हे. 'तुझ्याच भल्यासाठी' हे 'तुला विचारून' च्या जागी चालत नाही. कर्तव्यवादाचं याहून चांगलं उदाहरण तुम्हाला परीक्षेत लिहायला मिळणार नाही.

आणि पुण्यात बसून या विषयावर बोलताना रामशास्त्री प्रभुण्यांचं नाव कुणी घेतलं नाही याचं नवल वाटतं. ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी दोष राघोबादादांवर ठेवला आणि देहान्त प्रायश्चित्त सांगितलं. ज्याला सांगितलं तो तेव्हा सत्तेवर!

खवट_खारीक

आणि झालं काय? राघोबादादांच्या केसाला धक्का लागला नाही. शास्त्रीबुवांनाच पद सोडून पुण्याबाहेर जावं लागलं. बारभाईंचा कारभार आला तेव्हा परतले. परिणामाच्या खात्यात शून्य.

आकडेमोड

शून्य कसं? अडीचशे वर्षं लोक नाव घेतायत. न्यायाधीश कसा असावा याचा दाखला तयार झाला. तोही परिणामच.

काळाकोट

त्यांनी तो दाखला तयार व्हावा म्हणून निकाल दिला असता तर तुम्ही आज नाव घेतलं असतंत का?

पण मी रामशास्त्र्यांचा भक्त असलो तरी या विचारसरणीची मला भीतीही वाटते, ती सांगून टाकतो. कांटने १७९७ मध्ये लिहिलंय की एखाद्या बेटावरच्या समाजाने सर्वानुमते बेट सोडून पांगायचं ठरवलं, तरी निघण्यापूर्वी तुरुंगातल्या शेवटच्या खुन्याला फाशी दिलीच पाहिजे. त्या फाशीने कुणाचं रक्षण होत नाही, कुणाला जरब बसत नाही, समाजच उरत नाही. तरी द्यायची, कारण न्यायाचं देणं. आयुष्य फौजदारी कोर्टात गेलं, पण हे वाचून अंगावर काटा आला. राघोबादादांना दिलेल्या शिक्षेत निदान सत्तेला सांगणं होतं की तुलाही नियम लागू आहे. बेटावरच्या फाशीत कुणाला काय सांगायचंय?

निळीशाई

इतका वेळ वाचत होतो. कर्तव्य पाळावं की नाही यावर सगळे बोलताय, कर्तव्य ठरवलं कुणी यावर कुणीच नाही.

गीतापाठी, तुमच्या गीतेतला स्वधर्म आणि कांटचं कर्तव्य एका दावणीला बांधू नका. स्वधर्म जन्मावरून वाटून दिलेला आहे. क्षत्रियाने लढावं, शूद्राने सेवा करावी. कांटच्या पहिल्याच कसोटीवर हे आपटतं, कारण 'सेवा करणारे सेवाच करतील' हा नियम करणाऱ्याला आपला जन्म कुठे झाला हे आधीच माहीत असतं. १८४८ साली भिडे वाड्यात जोतीराव-सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली तेव्हा याच पेठांतल्या सज्जनांनी कर्तव्य म्हणूनच विरोध केला होता. शेण फेकणाऱ्याचीही निष्ठा शंभर नंबरी असू शकते. नुसती निष्ठा आणि मनाचा निर्धार बघायचा तर तोही कर्तव्यनिष्ठच.

बाबासाहेबांनी १९३६ च्या जातिनिर्मूलनाच्या भाषणात नियम आणि तत्त्व यांत फरक केलाय. नियम हुकूम सोडतो, अमुक असंच करायचं. तत्त्व विचार करायला लावतं, म्हणून ते पाळणारा आपल्या कृतीला जबाबदार राहतो. नियम पाळणाऱ्याची जबाबदारी नियमावर जाते. कर्तव्यवादाचा खरा दोष मला इथे वाटतो. तत्त्व म्हणून सुरू होतो आणि बघता बघता नियमपुस्तिका होतो.

शेवटचं टोक पाहायचं तर १९६१ चा आइकमनचा जेरुसलेममधला खटला. लाखो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे नेणाऱ्या गाड्यांची व्यवस्था पाहणारा हा माणूस म्हणाला, मी आयुष्यभर कांटच्या कर्तव्याच्या कल्पनेप्रमाणे जगलो. आणि न्यायाधीशाने विचारल्यावर त्याने कांटची व्याख्या बरीचशी बरोबर सांगितली! विचारवंत हॅना अॅरेंटने हे नोंदवलंय.

मुठाकाठ

@निळीशाई, मुद्दा मान्य, एक पुरवणी. त्याच खटल्यात तो हेही म्हणाला की ज्यूंच्या संहाराचं काम अंगावर आल्यापासून मी कांटप्रमाणे जगणं सोडलं होतं. म्हणजे आपण काय सोडलं ते त्याला कळत होतं. त्याच्या डोक्यात नियम घालून देणाऱ्या विवेकाच्या जागी हिटलर बसला होता. पण तुमचं म्हणणं त्याने पुसलं जात नाही. सुरुवातीला मी ज्या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या, आतून आलेला नियम आणि वरून आलेला हुकूम, त्या वागणाऱ्याला आतून सारख्याच वाटू शकतात. खुद्द कांटने स्त्रिया, नोकर-चाकर आणि मजुरी करणारे यांना मताचा अधिकार नसलेल्या 'निष्क्रिय नागरिकां'त टाकलं होतं. सगळ्या माणसांची प्रतिष्ठा सांगणाऱ्याला स्वतःच्या स्वयंपाकघरातली माणसं दिसली नाहीत.

गीतापाठी

निळीशाई, स्वधर्माचा अर्थ टिळकांनीही केवळ जन्मापुरता... असो, त्यावर वेगळा धागा काढावा लागेल, इथे अवांतर होईल.

खवट_खारीक

हुश्श. धाग्याचं काश्मीर, म्हणजे न संपणारा वाद, होता होता वाचलं.

अभ्यासिका_४

सगळ्यांचे आभार, पण मुठाकाठ सर, माझा पहिला प्रश्न तुम्ही अर्धवट सोडलाय. नियमाचं नाव कोण ठेवणार? रात्रपाळी ताईंच्या पेशंटचा मुलगाही म्हणेल, माझा नियम 'खोटं बोलावं' हा नाहीच, 'म्हाताऱ्या माणसाला दुःखातून वाचवावं' हा आहे. आणि दोन कर्तव्यं भिडली तर काय, याला रॉस या ब्रिटिश तत्त्वज्ञाचं १९३० चं उत्तर नोट्समध्ये आहे: वचनपालन, भरपाई, कृतज्ञता, न्याय, परोपकार, आत्मविकास, कुणाला इजा न करणं ही सगळी प्रथमदर्शनी कर्तव्यं, प्रसंगात जे वजनदार ठरेल ते पाळा. पण वजन करायचा तराजू काही रॉस देत नाही.

मुठाकाठ

नाही देत. रॉस प्रामाणिक आहे एवढंच. भिडलेल्या कर्तव्यांपैकी एक मागे पडलं तरी ते नाहीसं होत नाही, मागे पडलेल्याची भरपाई करावी लागते, ही त्याची मोलाची गोष्ट. मघाशी नदीकाठच्या घरांबद्दल मी जे म्हणालो ते कांटपेक्षा रॉसच्या जवळचं आहे.

नाव ठेवण्याबद्दल मला कांटच्याच १७९५ च्या शांततेवरच्या निबंधातलं एक सूत्र जास्त कामाचं वाटतं. दुसऱ्याच्या हक्कांशी संबंध येणारी जी कृती, तिच्यामागचा नियम उघड केल्यास टिकत नसेल, ती अन्याय्य. त्याने ते राजकारणासाठी लिहिलं. मी ते घरातही वापरतो. नियमाला हवं ते नाव दे, पण ज्याच्यावर तो चालवणार त्याच्यासमोर मोठ्याने वाच. 'आम्ही म्हाताऱ्या पेशंटना दुःखातून वाचवण्यासाठी खोटं सांगतो' अशी पाटी वॉर्डाच्या दारावर लावा. दुसऱ्या दिवसापासून, ज्याला खरोखरच काही झालेलं नाही अशा आजोबांनाही 'काही नाही हो' हे ऐकून झोप येणार नाही. नियम उघड झाला की मोडतो. उलट 'आधी विचारतो, हवं तेवढं सांगतो' ही पाटी खुशाल लावा.

जन्मावरून वाटलेली कामंही यावर टिकत नाहीत. ज्यांच्या माथी ती मारली त्यांच्या कानावर शास्त्र पडू द्यायचं नव्हतं, हा योगायोग नाही.

निळीशाई

+१. हे शेवटचं वाक्य तुमच्याकडून ऐकून बरं वाटलं.

आकडेमोड

या कसोटीला भोक आहे. पीएमपीच्या बसमध्ये तिकीट तपासनीस कुठे चढणार हे आधी सांगितलं तर तपासणीच मोडते. म्हणजे ती अन्याय्य?

मुठाकाठ

नाही. 'आम्ही न सांगता तपासू' हे उघड सांगता येतं, आणि सांगितलेलंच असतं. कुठल्या थांब्यावर हे गुप्त, नियम उघड.

खवट_खारीक

मग लाचलुचपतवाल्यांचा सापळा? फिर्यादीच्या हातात पावडर लावलेल्या नोटा द्यायच्या, त्याने त्या निरागस चेहऱ्याने साहेबांना द्यायच्या, साहेबांनी खिशात घातल्या की झडप. अथपासून इतिपर्यंत खोटं, तेही सरकारी खर्चाने. कांट या सापळ्यात पंच म्हणून उभा राहील का?

अभ्यासिका_४

ही केस स्टडी मी उचलतेय. मला वाटतं चालेल, कारण असा सापळा लागू शकतो हे प्रत्येक कर्मचाऱ्याला माहीत असतं. नियम उघड आहे.

काळाकोट

तेवढ्याने भागत नाही. उद्या सरकारने जाहीर केलं की आम्ही कुठल्याही कारकुनासमोर नोटांचं बंडल ठेवून त्याची परीक्षा घेणार, तर तोही नियम उघडच झाला. म्हणून प्रत्यक्षात काय करतात ते पाहा. तक्रार आली की थेट सापळा लावत नाहीत. आधी पंचांसमोर पडताळणी होते की साहेबांनी पैसे खरंच मागितले का. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानेही डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की मागणी आणि स्वीकार दोन्ही सिद्ध व्हायला हवेत. खिशात नोटा सापडल्या एवढं पुरेसं नाही. मागणी त्याची, संधी त्याची, आपण फक्त साक्षीदार घेऊन गेलो.

अभ्यासिका_४

मग साहेबांना 'नुसतं साधन' म्हणून वापरलं असं म्हणता येणार नाही?

मुठाकाठ

साहेबांना नाही. त्यांनी केलेल्या मागणीचे धनी त्यांनाच धरलं, एवढंच. मला फिर्यादीची काळजी वाटते. त्याचं काम अजून त्याच कचेरीत अडकलेलं असतं आणि साहेब सापडल्यावर ती फाईल पुढे सरकवायला कुणी हात लावत नाही. काळाकोट, त्याचं काम वेळेत करून देण्याची जबाबदारी तिथे कुणावर असते?

काळाकोट

कागदावर, नव्या साहेबावर. बाकी कोर्टात भेटा, सांगतो.